चाळीसचं टिंब

माही पोरगी प्रेरणा गणितात नापास झाली अन् त्याचं पाप माह्या डोक्शावर हाय, हे मले कॉलेजच्या बाकड्यावर बसल्यावर समजलं. तोवर मी तिलेच बोल लावत होतो.

माहं नाव मोतीराम. धाडच्या अलीकडं आमचं गाव. सोताचं वावर नाई, पन टोळी हाय बारा-चौदा मानसायची. सोयाबीन, हरभरा, जे असन ते आमी ठेक्यानं कापतो. यंदा दसरा झाला तरी पानी हटून नाई राह्यला होता. सोयाबीन उभ्या उभ्या वाळलं, शेंगा फुटाले आल्या, अन् वरतून आभाळ. एक दिवस ऊन, दोन दिवस झिमझिम. साऱ्या कास्तकारायले एकाच उन्हात कापनी पायजे. सकाळी उठलो का दारात तीन-तीन जन उभे, "मोतीराम, पहिले माहं, मोतीराम, पहिले माहं." मानूस काय यंत्र हाय का?

माह्यापाशी तेहेतीस फुटाची दोरी हाय. एक दोरी लांब, एक दोरी रुंद, झाला एक गुंठा. आठ दोऱ्या लांब अन् पाच दोऱ्या रुंद, चाळीस गुंठे, झाला एकर. टोळीनं दिवसभरात किती कापलं ते सांजीले मोजाचं अन् वहीत लिवाचं. पहिले एकर, मंग टिंब, मंग गुंठे. एक एकर पाच गुंठे म्हंजे १.५. एक एकर पस्तीस गुंठे म्हंजे १.३५. हे टिंब मले माह्या बापानं शिकवलं अन् मी प्रेरणाले. सातवीत होती तवापासून वही तिच्याच हाती. दोरीचं दुसरं टोक धरून धुऱ्यानं, बांधाबांधानं, अशी पळे, का मांगं वळून पाहेपर्यंत ती पल्ल्याड! अन् बेरीज तं तोंडावर. आमच्या टोळीतला गोकुळ म्हने, "मोत्या, तुही पोट्टी कलेक्टर होते बे एक दिवस." मी वरतून म्हनो, "चाल, काम कर." आतून लय बरं वाटे.

बारावी आर्ट्स झाली अन् तिनं बुलढान्याले बीसीए धरलं. कंप्युटरचं शिक्षण. ज्या पोरायनं बारावीले गणित नाई घेतलं त्यायच्यासाठी तिथं एक येगळा वर्ग असते, ब्रिज कोर्स म्हनते त्याले. सकाळी आठले. त्याची परीक्षा दोन खेपा होते. दोन्ही खेपेले नापास, तं बीसीए बंद. पहिल्या खेपेले तिले पंचवीसपैकी तीन मार्क पडले. तीन! मी असा भडकलो का काय सांगू. म्हनलं, "पुढल्या खेपेले बी असंच झालं तं इळा धर अन् कॉलेज पुरे." ती उठली अन् चुलीपाशी बसून रायली. माही बायको जयमाला मले म्हने, "तोंडाले काई आवर हाय का नाई तुमच्या?" पन बोलून गेलो ते गेलो.

आठ दिवसानं तिच्या मॅडमचा फोन आला. पालकाले घेऊन ये म्हने.

कापनी टाकून मी गेलो. साडेसहाच्या काळ्यापिवळ्या जीपीत मांगल्या सीटवर अकरा जन. हात कितीबी घासले तरी सोयाबीनचा काळा डाग जात नाई, अन् शेंगायची टोकं टोचून टोचून बोटं फुटलेली. कॉलेजात शिपायानं इचारलं, "काय मजूर पायजे म्हनून आले का?" प्रेरणा म्हनली, "माहे बाबा हाय." तो बाजूले झाला.

मॅडमचं नाव रेणुका. तिशीच्या आत-बाहेर असन, डोळ्याखाली काळं, आवाज बसलेला. वर्गात सात-आठ पोरं-पोरी होते. मॅडमनं मले पहिल्या बाकड्यावर बसवलं. माहे गुडघे बाकड्यात मावत नव्हते, तं मी आडवा बसलो. पोरं हसले. प्रेरणा खाली पाहत होती.

"काका, रागावू नका," मॅडम म्हनल्या, "मुलगी हुशार आहे. रोज येते, एक दिवस खाडा नाही. पण उत्तरं अशी लिहिते की कुठून आली तेच कळत नाही. बाकीच्यांच्या चुका मला समजतात. हिच्या नाही समजत. घरी काही त्रास आहे का? अभ्यासाला वेळ मिळतो का?"

"टाइम तं कमीच हाय मॅडम, कापनी चालू हाय," मी म्हनलं. लाज वाटली मले.

त्यायनं पेपर माह्यापुढं ठेवला. सारा लाल. "हे बघा. दीड मोठं की सव्वा? अशा सोप्या गोष्टी. एक पॉइंट पाच आणि एक पॉइंट पंचवीस यात मोठं कोणतं? तिनं लिहिलंय एक पॉइंट पंचवीस."

इंग्रजी मले येत नाई, पन आकडे तं आकडेच हाय. मी पाह्यलं. १.५ अन् १.२५. मी म्हनलं, "मॅडम, बराबर तं हाय."

सारा वर्ग खो खो हसला. मांगून कोन्तरी म्हनलं, "घ्या, बापबी तसाच!"

माहं डोक्शं तापलं. म्हनलं, "हसाचं काय त्याच्यात? एक एकर पाच गुंठे मोठं का एक एकर पंचवीस गुंठे मोठं? सांगा न!"

 मॅडम माह्याकडं पाहतच राह्यल्या. मंग त्यायनं खुर्ची ओढली, माह्या बाकड्यापाशी बसल्या, अन् बोट दुसऱ्या गणितावर ठेवलं.

"हे?"

१.२० अधिक १.२०. प्रेरणानं लिवलं होतं, ३. "एक एकर इस गुंठे म्हंजे दीड एकर," मी म्हनलं. "दीड अन् दीड तीन. हे बी बराबर."

"आणि हे? तीन वजा एक पॉइंट दहा, हिनं लिहिलंय एक पॉइंट तीस."

"तीन एकरातून एक एकर दहा गुंठे गेले. राह्यलं एक एकर तीस."

"एक भागिले दोन, शून्य पॉइंट वीस?"

"एकराचं अर्धं इस गुंठे. मंग?"

मॅडमनं लाल पेन खाली ठेवला. पुऱ्या पेपरावर एक एक बोट ठेवत गेल्या अन् मी सांगत गेलो. बाविसाच्या बाविस मार्काचं जे चुकलं होतं, त्यातलं एकबी गणित आमच्या वावरात चुकीचं नव्हतं. मॅडमचे डोळे भरून आले. मले तं काई समजेना, बाई रडून काऊन राह्यली.

"प्रेरणा," त्या म्हनल्या, "तू मला सांगितलं का नाहीस?"

प्रेरणा हळूच म्हनली, "मले वाटलं, टिंब म्हंजे टिंब. सगळ्यायचं सारखंच असन. तुमी दशांश शिकवाले लागल्या तवा म्हनलं, हे तं मले येते."

मंग मॅडमनं मले समजून सांगतलं. कॉलेजातल्या टिंबाच्या मांगं शंभर असतात. एकच आकडा असला तं दहा. चाळीस कुठंच नाई. मी आयकत गेलो. म्हंजे ही चूक तिची नव्हती. ही माही होती. मीच लहानपनापासून तिच्या डोक्शात चाळीस भरून ठेवले, अन् मीच तिले इळा धर म्हनलो.

मॅडमनं मंग साऱ्या पोरायले इचारलं, तुमच्या घरी टिंब कुठं वापरतात? देऊळघाटची सफा म्हनून एक पोरगी होती, तिचे अब्बा खिडक्या-दरवाजे बनवतात. ती म्हनली, "मॅडम, हमारे यहाँ तो पाच पॉइंट अकरा हा पाच पॉइंट नऊपेक्षा मोठाच असते. फूट-इंच न." कोनी म्हनलं क्रिकेटच्या ओव्हर. चार पॉइंट पाचच्या नंतर पाच. आतापर्यंत हसत होते ते सारे आपापलं टिंब सांगाले लागले. दुसरी परीक्षा पंधरा दिवसावर होती. पास व्हाले तेरा मार्क लागत होते.

घरी आलो तं जयमालाले सारं सांगतलं. ती भाकर थापत होती. हात थांबवून म्हनली, "म्हंजे तुमीच बिघडवली न."

"हाव," म्हनलं. "मीच."

त्याच सांजीले मी वही प्रेरणाच्या हातातून काढून घेतली. म्हनलं, परीक्षा होईस्तोर वही मी लिवतो, तू दोरीले हात नको लावू, गुंठा हा शब्दबी तोंडातून काढू नको. मले वाटलं भलं करून राह्यलो. ती मले म्हने, "बाबा, मंग मी टोळीत नाई का?" अन् घरात गेली. जयमालानं मले असं पाह्यलं का मी बाहेर जाऊन बसलो.

पुढले दिवस काई इचारू नका. सकाळी ती कॉलेजले जाये, दुपारी एकच्या जीपनं परत येऊन आमच्यासंगं इळा चालवे. मानसं कमी होते, तिले घरी ठेवनं परवडत नव्हतं. सोयाबीनचं खोड सुकलं का तारेसारखं होते. वाकून वाकून कंबर अशी लागे का सरळ व्हाले टाइम लागे. जयमाला कंबरेले ओढनी करकच्चून बांधे अन् पुन्हा ओळीले लागे. इकडं प्रेरणा कापता कापता तोंडातल्या तोंडात पाढा म्हने, एक टिंब पाच म्हंजे पन्नास, एक टिंब पाच म्हंजे पन्नास. अन् सांजीले दोरी फिरली, गोकुळनं नुसतं म्हनावं, "काल दोन एकर तीस झालं होतं, आज एक एकर पंधरा," का हिच्या तोंडातून सुटलंच, "चार एकर पाच!" मंग सोताच कपाळाले हात मारे. डोळ्यात पानी येऊन जाये तिच्या.

गोकुळ म्हने, "बराबर तं हाय बे, रडते काऊन ही?"

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मॅडमनं तिले सांगतलं, सातबाऱ्यावर बी टिंब असते, अन् ते शंभराचं असते. हेक्टर अन् आर. शंभर आरचा एक हेक्टर. घरचा सातबारा काढून पाह्य, शेतानंच शेताचं टिंब सुटन. प्रेरणानं घरी येऊन मले सांगतलं अन् आमी दोघंबी एकमेकाकडं पाहत बसलो. आमच्या घरात सातबारा आला कवा? माह्या बापानं गावातलं सारं वावर मोजलं, मी मोजलं, पन त्या कागदावर नाव लागाले सोताची जमीन लागते.

त्या टायमाले आमी रामरावच्या वावरात कापत होतो. रामराव म्हंजे गावातला मोठा कास्तकार. सांजीले काम सुटल्यावर मी प्रेरणाले घेऊन त्याच्या वट्ट्यापाशी गेलो. अंगभर सोयाबीनचा भुसा, मानेले खाज. वट्ट्याखालीच उभे राह्यलो.

"भाऊ, तुमचा सातबारा उलसक पाहाले भेटन का?"

रामरावच्या हातातला चहाचा कप तसाच राह्यला. "माहा सातबारा? तुले कायले पायजे बे?"

"पोरीले गणितासाठी पायजे."

"गणितासाठी?" तो हसला नाई. त्याचं अन् त्याच्या भावाचं धुऱ्यावरून भांडन चालू होतं, हे साऱ्या गावाले मालूम. "कोनं पाठवलं तुले? खरं सांग."

मी कितीबी सांगतलं तरी त्याले पटेना.  पंधरा सालापासून याचं पीक कापून राह्यलो, अन् हा माह्याकडं चोराकडं पाहावं तसं पाहते. चाल बेटा, म्हनून मी मांगं फिरलो. तं प्रेरणा जागची हलली नाई. म्हनली, "काका, तुमीच हातात धरा कागद. मी दुरूनच पाहतो. मले नाव-गाव नाई पाहाचं, फकस्त आकडा पाहाचा हाय."

तेवढ्यात रामरावची म्हातारी बायको झुंबरबाई आतून आली. तिनं सारं आयकलं होतं. म्हनली, "दाखवा न हो. पोरगी शिकते तं तुमचं वावर झिजते का?" अन् सोताच कपाटातून झेरॉक्स घेऊन आली.

रामरावनं कागद हातात धरला. आकड्याखाली अंगठा, बाकीच्यावर तळवा. प्रेरणा पायरीवर वाकली. २.४५.

"तीन एकर पाच गुंठे?" ती म्हनली.

"ह्याट्!" रामरावले आता मातर हसू आलं. "सहा एकर हाय, सहा एकर पाच गुंठे. एकर नाई पोरी, हेक्टर. दोन हेक्टर पंचेचाळीस आर. गुंठा अन् आर सारखेच धरून चाल, पन हेक्टर शंभराचा असते."

प्रेरणा तशीच वाकून राह्यली. ओठ हालत होते. मंग एकदम उठली. "बाबा! म्हंजे टिंब नुसतं दार हाय. मांगं किती मानसं बसले ते दारावर नाई लिवलेलं. ते इचारा लागते. तुह्या दारामांगं चाळीस, याच्या दारामांगं शंभर!"

मले अर्धं समजलं, अर्धं नाई. पन तिचं तोंड पाहून मले कसं झालं ते सांगता येत नाई. तीन मार्क पडल्यापासून पहिल्यांदा हसली होती पोरगी. रामराव म्हने, "आता दे कागद." कागद त्याच्याच हातात होता.

तवापासून ती सुधरली. घरी येता येता मले इचारे, "बाबा, एक टिंब दोन. कॉलेजचं सांगू का आपलं?" मी म्हनो, दोन्ही सांग. दोन्ही सांगे. मी वही तिले वापस देली. परीक्षेच्या दिवशी जयमालानं तिच्या डोक्शाले तेल लावून देलं.  इळ्याचा शब्द तं मी गिळूनच टाकला होता, पन ती इसरली नसन, हे मले मालूम होतं.

निकालाले मी संगं गेलो. मॅडम वर्गाच्या दारातच उभ्या होत्या. "पास," एवढंच म्हनल्या अन् प्रेरणाच्या पाठीवर हात ठेवला. "चौदा मार्क."

चौदा! मी हात जोडले. सफाबी पास झाली होती, ती प्रेरणाच्या गळ्यात पडली. मॅडमनं पेपर माह्या हाती देला. या खेपेले लाल कमी होतं. बीजगणिताचं काई काई चुकलं होतं, ते मले समजलं नाई. टिंबाचे सारे बराबर होते, एकामागून एक. अन् शेवटच्या गणितावर ही मोठी फुली.

"हे शेवटचं दोन मार्कांचं, दुसऱ्या सरांनी घातलं होतं," मॅडम म्हनल्या. "वरची अशीच सगळी तिला आली आहेत. हे कसं चुकलं ते तिलाच विचारा, काका." अन् आत गेल्या.

आमी व्हरांड्यात आलो. मी गणित तिच्याकडूनच वाचून घेतलं. एका दिवशी मजुरायनं २.३५ एकर पीक कापलं, दुसऱ्या दिवशी १.१५ एकर. एकूण किती? अन् खाली तिनं लिवलं होतं, ४.१०.

चौदा मार्क. तेरा लागत होते. दोन तिनं असे फेकून देले. भीतीचा राग आला मले. "अवं, साडेतीन लिवाचं होतं न! इतके दिवस काय पाठ केलं? अजून एखादं चुकलं असतं तं? गेलं असतं न सारं!"

"मले मालूम होतं साडेतीन," ती म्हनली.

"मालूम होतं? मंग काऊन नाई लिवलं?"

ती माह्या हाताकडं पाहत होती. "बाबा, बाकीच्या गणितायत पानी होतं, कपडा होता. ते मी कॉलेजच्या टिंबानं केलं. हे कापनीचं होतं. दोन एकर पस्तीस गुंठे अन् एक एकर पंधरा गुंठे, चार एकर दहा होते. साडेतीन लिवलं तं तीस गुंठे कमी भरते." तिनं त्या फुलीवर बोट ठेवलं. "ते तीस गुंठे मंग कोनं कापले? आई कंबर बांधून वाकली होती न तिथं. मले नाई लिवता आलं, बाबा."

 पोरं येऊन-जाऊन राह्यले होते, शिपाई पाहत होता, अन् मी त्या व्हरांड्यात पोरीचं डोक्शं छातीशी धरून रडलो. लाज नाई वाटली.

मंग डोळे पुसले अन् म्हनलं, "पुढल्या खेपेले मातर साडेतीनच लिवाचं. आयकू आलं का?"

ती हाव म्हनली नाई, नाई म्हनली नाई. जीप गावाले लागेपर्यंत मी तिचा हात धरून होतो.